भावाच्या नावावर मेलेला सहदेव

खोटं वाटत असेल तर कोलशेतला या. तुळसाकाकूच्या ओटीवर बसा आणि तिलाच विचारा. ती शिव्या घालेल, पण खोटं बोलणार नाही.

गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली. दिवेलागणीची वेळ.

काकूचा थोरला सहदेव मस्कतला क्रेन चालवायचा. जमिनीच्या भांडणात त्याच्यावर पोलीस केस झालेली, पासपोर्ट मिळेना. मग या शहाण्यांनी काय केलं? धाकट्या हितेशच्या कागदांवर सहदेवचा फोटो लावला! मस्कतमध्ये सहदेव 'हितेश' झाला.

आणि तिथेच झोपेत गेला.

त्या संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"मावशी, इथे मृत्यूची नोंद झाल्याशिवाय बॉडी सोडत नाहीत. मयत तुमचा मुलगा हितेश. बरोबर ना?"

हितेश शेजारीच रडत होता. "हो बोल, आई. दादाला घरी आणू दे, बस."

काकू 'हो' म्हणाली.

हितेश उठून मागच्या खोलीत गेला. काकूने दिवा लावला.

"हितेश, पाणी आण रे."

तिने वात सारखी केली.

"हितेश!"

आत पंखा फिरत होता... बाकी काहीच नाही. एरवी हितेशच्या पायात पायात करणारा मोत्या कुत्रा कान पाडून मागे सरकत होता.

काकूच्या तोंडून सवयीने निघालं, "सहदेव..."

"ओ, आये."

तिला 'आये' म्हणणारा घरात एकच होता. हितेश लहानपणापासून 'आई' म्हणायचा.

ती आत धावली. खाटेवर हितेश आडवा. डोळे उघडे, अंग गार... श्वास नाही.

दुसरी कोणी असती तर तिथेच कोसळली असती. काकूने पदर खोचला.

"सहदेवा, तू पन माझ्याच पोटचा. पन भावाचं नाव घेतलंस तेवढं पुरे. त्याचा जीव नाय घेऊ देनार!"

तिने तसाच फोन लावला. "लिव! मेला तो सहदेव. हितेश जिता हाय. जेलात टाकायचं तर मना टाक!"

"मावशी, नोंद अडकेल. बॉडी महिनाभर येणार नाही."

"वरीसभर नको येऊ दे!" म्हणताना मात्र तिला रडू फुटलं.

मागे खाट करकरली...

हितेश खोकत उठून बसला.

बरेच खेटे घातल्यावर सहदेव घरी आला, स्वतःच्या नावाने. हितेशनेच अग्नी दिला. संध्याकाळी रीतीप्रमाणे ओटीवर तांदळाचं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. गेलेला माणूस त्यात खूण सोडून जातो म्हणतात.

सकाळी टोपली उचलली.

पिठात एकच पाऊल होतं...

डावं. करंगळी नसलेलं.

हितेशच्या डाव्या पायाची करंगळी वागळे इस्टेटच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली तुटलेली. सहदेवचे दोन्ही पाय धड होते.

"काकू, हे तर..." कोणीतरी पुटपुटलं.

"चूप!" काकूने हाताने पीठ विस्कटून टाकलं. "घरात हाय तो माझा पोऱ्या हाय. कोनी ब्र काढायचा नाय!"



मी समोरच राहतो. काकू आता रोज दिवेलागणीला दारात उभी राहून हाक मारते, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. "हितेश!"

तो लगेच ओ देतो.

"ओ, आये."

काकू म्हणते, "आलास? बस, जेव."

मोत्या हल्ली आमच्या दारात झोपतो.