नऊ ऐनांचे खुंट

महाडच्या ऑफिसात शिरताच बनुबाईंनी पुढे केलेली खुर्ची नाकारली.

"बसायला नाय आले. ऐनाची नऊ झाडं पडली आन् चोर मी ठरले. उद्या गावकीची सभा हाय. त्याच्या आत खरा चोर दाखव."

खासगी तपासाची कामं घेणारी अंकिता हसली. तिचा सहायक किशोर मात्र मनातल्या मनात म्हातारीला दोषी ठरवून मोकळा झाला. तापट माणसावर त्याचा संशय लवकर बसे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला बनुबाईंची वाडी. डोंगर सगळ्यांचा सामाईक. विपुल नावाच्या ठेकेदाराला तो साफ तोडायचा होता; घरटी एकरकमी पैसे, मग डोंगर बोडका. बनुबाई आडव्या आल्या. गुडघाभर खुंट राखून पाळीपाळीने तोडलं तर ऐन पुन्हा फुटतो, भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, दरसाल पानाफांद्यांचा टहाळ मिळतो आणि मुळं माती धरून ठेवतात, हे त्यांचं म्हणणं. परवा सगळी वाडी लग्नाला खाली गेली, एकट्या बनुबाई शेरडं घेऊन रानात होत्या. त्याच दिवशी वाडीच्या माथ्यावरचे नऊ ऐन आडवे झाले. तिथेच त्यांची कुऱ्हाड सापडली.

"चोरून विकायला माणसं लावली असणार," असं वाडी म्हणू लागली.

जाताना दोघं पलीकडच्या डोंगरावर विपुलच्या तोडीपाशी थांबले. जमिनीलगत कापलेले खुंट उन्हाने तडकले होते.

"माझी माणसं घाटावरची. दिवसभर इथंच होती," विपुल म्हणाला. "आणि सभा होकार देणारच होती. मला चोरीची गरज काय?"

किशोरला ते पटलं. त्याला सगळंच पटत असे.

माथ्यावरच्या नऊ खुंटांवर कुऱ्हाडीचे घाव होते आणि वरून ओल्या मातीचा लेप वाळला होता.

"घाव लपवायला चिखल फासलाय," किशोरने बुटांवरचा पिवळा भुसा झटकत निकाल दिला.

तेवढ्यात बनुबाईंचा पुतण्या प्रवीण आला.

"काकी हट्टी हाय, ताई, पण एवढं करंल असं वाटलं नव्हतं. मी महिनाभर सुट्टीवर हाय. मुंबईत पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या मशीननं छाटायचं काँट्रॅक्ट असतं आमचं."

"परवा करवतीच्या मशीनचा आवाज आला?" अंकिताने वाट दाखवायला आलेल्या बनुबाईंना विचारलं.

"पलीकडं रोजच घरघरतंय. कोण कान देतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत सभा भरली. गावकीचे म्होरके हैबती यांनी अंकिताला बोलायला सांगितलं.

"कुऱ्हाडीने नऊ ऐन पडले असते, तर लाकडाच्या ढलप्यांचा खच पडला असता. तिथे एक ढलपी नाही. भुसा आहे, किशोरच्या बुटांना लागला तो. झाडं मशीनने कापली आणि मग खुंटांवर कुऱ्हाड मारली."

"मग विपुलची माणसं," किशोर म्हणाला.

"त्यांचे खुंट उघडे तडकलेत. इथे नऊच्या नऊ खुंट मातीने लिंपलेत. का हो हैबतीकाका?"

"ऊन लागून खुंट मरू नये म्हणून. पोरपणापासनं हात तसाच जातो आमचा."

"म्हणजे तोडणारा वाडीतला. आणि मशीन चालवता येणारा. काकीची कुऱ्हाड सहज हाती लागेल असा."

सगळ्या माना प्रवीणकडे वळल्या. तो ताडकन उठला.

"होय, मीच पाडली, लग्नातनं मधूनच परत येऊन. काकी चोर ठरली असती तर कुणी तिचं ऐकलं नसतं. किती पिढ्या टहाळच तोडायचा? पैसे घेऊन आईला मुंबईला नेणार होतो."

"ती येते म्हणाली?" बनुबाईंनी विचारलं.

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईने नकारार्थी मान हलवली. प्रवीण खाली बसला. एवढा रागावलेला असूनही त्याने झाडं जगावीत म्हणून माती लावली होती, हे आठवून किशोरला त्याची कीव आली.

सभेला आलेला विपुल खाकरला. "झालं ते झालं. पडलेलं लाकूड तरी मला द्या. चांगला भाव देतो, नाहीतर कुजेल."

"कुजू दे," बनुबाई म्हणाल्या. "तळीयेला दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाऊस यायच्या आत ते ओंडके उतारावर आडवे टाकायचे, खुंट्या ठोकून. खुंट फुटंपर्यंत माती तेच अडवतील. एक काटकी तुझ्या ट्रकात जाणार नाय. कोण माझ्यासंगं हाय?"

आधी बायकांचे हात वर गेले. मग हैबतींचा, मग बाकीच्यांचे.

"उठ रे," बनुबाई प्रवीणला म्हणाल्या. "पहिला ओंडका तू धर. त्या उताराखाली पहिलं घर तुझ्या आईचं हाय."