चित्र जाण्याची वेळ

"आलं का हो चित्र?" कौलांवरून कुणीतरी ओरडलं, नि मालननं खिडकीतून मान बाहेर काढली. अँटेना धरून उभा होता तो टीव्ही केंद्रातला नवा तंत्रज्ञ, शिवा. चित्र केव्हाच स्वच्छ आलं होतं... तरी ती म्हणाली, "अजून जरा डावीकडे!"

त्यानंतर त्या घरची अँटेना सारखीच बिघडू लागली. शिवा यायचा आणि केंद्राला चित्र पुरवणाऱ्या उपग्रहाच्या गोष्टी सांगायचा. छत्तीस हजार किलोमीटरवर तो पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा दिसतो. आयुष्य सात वर्षांचं.

"नि मग?"

"इंधन संपलं की जागा सोडतो. दुसरा येतो."

"तुमचंही तसंच का?"

"माझं इंधन इथला चहा," तो हसला, "मी कशाला जागा सोडतोय?"

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात मालनला मुंबईचं स्थळ आलं. शिवानं धीर करून आप्पांकडे, तिच्या वडिलांकडे, शब्द टाकला.

"आकाशातल्या डब्यावर पोट भरणाऱ्याला मुलगी देऊ?" आप्पा कडाडले.

"डबा भरवशाचा आहे, आप्पा. उद्या मॅचच्या वेळी सूर्य बरोबर त्याच्या पाठी येईल, सूर्याच्या लहरींत त्याच्या लहरी बुडतील. बारा चोविसला चित्र जाईल, आठ मिनिटांनी परत येईल."

"खरं ठरलं तर बोलू. नाहीतर संध्याकाळी मुंबईला होकार!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळात बारा चोवीस झाले. चित्र लख्ख! आप्पा शेजारी बसलेल्या शिवाकडे पाहून मिशीत हसले. मालन पडवीत उभी होती. तिथंच अँटेनाच्या वायरीचा जोड होता... तिनं डोळे मिटून तो ओढला. आत खरखर सुरू झाली. "गेलं की रे!" आप्पा थक्क झाले.

पाच मिनिटांनी तिनं वायर जोडली. खरखर थांबेना. पुन्हा जोडली, तरी नाही. आपल्यामुळे टीव्हीच बिघडला, नि त्याचा दोष शिवावर येणार! ती रडवेली होऊन आत धावली.

"आप्पा, वायर मी काढली होती. यांचा काही दोष नाही!"

शिवानं मनगटावर पाहिलं. "वायर जोडलीत ना? मग हे सूर्यामुळेच गेलंय. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे."

"पण तू कशाला काढलीस गो?" आप्पांनी विचारलं.

"हे खोटे ठरले असते, तर तुम्ही मला मुंबईला दिलं असतं... नि मला हेच हवेत."

हळूहळू चित्र उमटलं. आप्पांचा लाडका फलंदाज मधल्यामधे बाद झाला होता. आप्पांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शिवा, तुझे वडील कुठं असतात?"

"देवरूखला."

"उद्याच्या गाडीनं बोलाव त्यांना."