कड्यावरचा दुसरा अगाली

चहाचा दुसरा पेला झाला ना? मग आता पाय पसरून बसा. उद्या पहाटे तुम्ही दोघं भाचे पहिल्यांदाच पाहुण्यांना घेऊन पठारावर चढणार, म्हणून सांगतो. हसू नकोस रे बेक्का. आपल्या जानेत गावात हातोहाती फोन आले तेव्हापासून मामाचं ऐकायला कुणाला वेळ नाही, ठाऊक आहे मला.

मी तिथं होतो का म्हणून विचारू नका. नव्हतो. हे माझ्या साडूवर, अगालीवर गुजरलेलं आहे. तो खोटं बोलत नाही. बोलायला गेला तर लगेच पकडला जातो.

२०१९ सालचा नोव्हेंबर, चौदा तारीख, गुरुवार. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. राजधानीहून, अल्जेरहून, वर्दिया नावाची एक बाई आली होती, दगडांची प्राध्यापक. पठारावरच्या राष्ट्रीय उद्यानातल्या खडकांचा नकाशा करायचं काम तिच्याकडे, आणि अगाली तिचा वाटाड्या. एकोणीस दिवस ती दोघं आणि तीन गाढवं तामरितच्या दगडी सुळक्यांमधून हिंडत होती. खडकावरच्या बारीक लाटा दाखवून ती म्हणायची, "अगालीदादा, इथं समुद्राचं पाणी हलत होतं."

"असेल बाई," हा म्हणायचा, "आपल्या पखालीतलं मात्र तळाला गेलंय."

फोटो काढताना ती त्याला खडकाशेजारी उभं करायची, खडक केवढा ते कळावं म्हणून.

"माझा चेहरा तरी येतो का त्यात?"

"तुमचा चेहरा मी कुठं पाहिलाय?"

ते खरंच होतं. अगाली जुन्या वळणाचा. निळ्या मुंडाशाचा पट्टा नाकावरून खाली उतरायचा नाही, पाणीसुद्धा पट्ट्याआडून प्यायचा. आमची सासू वारली, पण जावयाचं तोंड काही तिनं पाहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी काम उरकून दोघं तळावर परतली, आणि बाईच्या लक्षात आलं की हातोडा खडकावरच राहिला. साडेचार वाजले होते.

"घेऊन येते. अर्धा तास."

अगाली कणीक मळत होता. "थांबा, मी येतो."

"तुम्ही भाकरी बघा हो. वाट सरळ आहे."

त्यानं जाऊ दिलं. ते त्याला अजून खातं.

निखाऱ्याखालच्या वाळूत भाकरी भाजून झाली. सूर्य बुडाला. बाईचा पत्ता नाही. तिच्याजवळ एक बाटली पाणी, अंगात पातळ सदरा, आणि वर तर रात्री पाणी गोठतं. त्यात हातोड्याच्या खडकापुढे कडा आहे, सरळ तुटलेला. खाली दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागतो. साडेसातला चंद्र वर आला तसा अगाली माग काढत निघाला.

माग काढण्यात त्याचा हात धरणारा आपल्यात कुणी नाही. तिचे बूट ओळखीचे होते. ते खडकापर्यंत गेले. हातोडा तिथंच पडलेला. बूट मात्र पुढं निघालेले, कड्याकडे... आणि त्यांच्या शेजारून आणखी कुणीतरी.

पुरुष. चपला. घाई नाही. बाई त्याच्याशी बोलत चालली होती, तिच्या बुटांचे चवडे त्याच्याकडे वळलेले होते.

अगाली वाकला. तो माग बोटांनी चाचपला. मग आपलं पाऊल शेजारी टेकवलं. उचललं. पाहिलं.

दोन्ही एकच होती.

आणि दुपारी तो हातोड्याच्या खडकापुढे गेलाच नव्हता.

माणसाचं रूप घेणाऱ्या त्या भुतांना आपण एकांतातले म्हणतो. रात्री त्याहून जास्त काही म्हणत नाही. अगाली उभा राहिला. मला म्हणाला, "खरं सांगतो, मी दोन पावलं मागं फिरलो होतो." मग त्याला बाईची मुलगी आठवली. सहा वर्षांची. रोज संध्याकाळी बाई फोनमधला तिचा फोटो दाखवायची. तो पुन्हा वळला.

कड्यापाशी बाई उभी होती. काठापासून चार हातांवर. तिच्यापुढं, अगदी काठावर, निळं मुंडासं बांधलेला माणूस. हात पुढे केलेला... बोलावत.

"बाई..."

ती वळली. अगालीकडे पाहिलं. मग काठावरच्याकडे. मग पुन्हा अगालीकडे.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली. "अगालीदादा तर इथं आहेत. संध्याकाळपासून माझ्याबरोबर आहेत."

"अगाली मी आहे."

अगाली जागीच थांबला.

"बाई, तो तुमच्याशी काय बोलला?"

तिनं काठाकडे पाहिलं.

"काही नाही," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, उशीर केला म्हणून रागावलेत."

हात अजून पुढंच होता. ती अर्धं पाऊल तिकडे सरकली.

अगालीनं मुंडाशाचा पट्टा धरला. परक्या बाईसमोर. तेवढ्या भीतीतही लाजेनं कान तापले, म्हणाला. पट्टा ओढला हनुवटीखाली.

"हा माझा चेहरा."

"मी तो कधी पाहिलाच नाही." ती रडत होती. "मला कसं कळणार?"

"त्यालाही दाखवायला सांगा. असेल तर दाखवेल."

ती काठाकडे वळली.

"दाखवा ना..."



मग तो पुढे केलेला हात... हळूहळू... वर गेला. मुंडाशाकडे.

"माझ्याकडे बघा," अगाली म्हणाला. "फक्त माझ्याकडे."

तिनं पाहिलं. समोरचे दोन दात नसलेलं, थरथरणारं तोंड. नंतर ती म्हणाली, ते घाबरलेलं होतं म्हणून मला खरं वाटलं.

ती निघाली. एक पाऊल. दुसरं. त्यानं तिचं मनगट धरलं.

मागं काहीतरी... मऊ... खडकावर पडलं.

दोघांनीही वळून पाहिलं नाही.

तळावर पोचल्यावर बाईनं उपग्रह फोन लावला. दुसऱ्या दिवशी उद्यानाचे तीन रक्षक वर चढले आणि साडूसाठी त्यांच्याबरोबर मी. पुढचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

काठावर निळं मुंडासं पडलं होतं. अगालीचं अगालीच्या डोक्यावर होतं, हे दुसरं. सुटलेलं नव्हतं. बांधलेलंच, डोक्याच्या आकाराचं, डोळ्यांपुरती फट ठेवून. आत पोकळ.

मी ते उचललं. दुपारचे दोन वाजलेले, लख्ख ऊन. वर्षभरात पठारावर थेंब पडला नव्हता.

नाकातोंडावरचा पट्टा ओला होता. श्वासानं होतो तसा. आणि ती ओल... कोमट होती.