नळी पोचली का?

एक कोडं घालते. नळीवर खुणा असतात, त्यामुळे ती किती आत गेली ते कळतं. पण आत जाऊन ती नेमकी कुठे पोचली, हे बाहेरून कसं ओळखायचं?

ओवीला हे कोडं पडलं ते उडत्या दवाखान्यात. तिच्या भावाने दोन महिने आधीच जगात यायची घाई केली होती, म्हणून दवाखानाच त्यांच्या शाळेच्या मैदानावर उतरला होता. इवल्याशा बाळाला अजून दूधही ओढता येत नव्हतं. पलीकडच्या खाटेवरून आई सारखी विचारत होती, "नळी पोचली का गं?" आणि ओवीला काय सांगावं ते कळत नव्हतं.

काचेपलीकडे डॉक्टर मुजावर बाळाच्या नाळेतून मऊ नळी आत सरकवत होत्या. जन्मानंतर थोडे दिवस नाळेतल्या शिरेची (रक्त वाहण्याच्या वाटेची) सोय असते. तिथून साखरेचं पाणी थेट रक्तात देता येतं.

"साडेसात सेंटिमीटर. पोचली," मोजू म्हणाला. हा तिथला यंत्रमानव. त्याला आपल्या हिशेबाचा भारी तोरा. "खांद्यापासून बेंबीपर्यंत मी स्वतः मोजलंय. पाणी सुरू करा."

"थांब. आधी बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"एक्स-रे काढणार?" ओवीने शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं. आजोबांचा अख्खा जन्म आवाजाच्या अभ्यासात गेला होता.

"एक्स-रे म्हणजे एका क्षणाचा फोटो. सोनोग्राफीत (आवाजाने आतलं पाहण्यात) नळी सरकताना दिसते. विहिरीत हाक मारलीस की काय होतं?"

"परत ऐकू येते."

"हे यंत्रही हाक मारतं, पण इतक्या उंच पट्टीत की आपल्याला ऐकूच येत नाही. रक्त, यकृत, नळी, प्रत्येकाकडून वेगळा प्रतिध्वनी येतो. त्यांचं मिळून चित्र होतं."

डॉक्टरांनी बाळाला गारठा लागू नये म्हणून कोमट केलेली जेल त्याच्या पोटावर लावली. ओवीला त्या फार आवडल्या. मग त्यांनी नळीतून थोडंसं मिठाचं पाणी सोडलं. पडद्यावर त्या पाण्यातल्या बुडबुड्यांच्या बारीक चांदण्या चमकल्या, पण यकृतात.

"बेंबीकडून वर जाताना यकृतात फाटे लागतात. ही भलत्या फाट्याला लागली," डॉक्टर म्हणाल्या. "इथेच साखरेचं पाणी सोडलं असतं, तर यकृताला इजा झाली असती."

ओवी काचेला आणखी चिकटून पाहू लागली.

"माझा हिशेब बरोबर होता," मोजू पुटपुटला.

"होता रे बाबा," आजोबा म्हणाले. "लांबी बरोबर होती. वाट चुकली."

डॉक्टरांनी नळी थोडी मागे घेतली, वाट सरळ व्हावी म्हणून पोटावर हलकेच बोट दाबलं आणि पुन्हा सरकवली. पडद्यावर दिसणाऱ्या नळीच्या दोन पांढऱ्या रेघा या वेळी सरळ वर गेल्या आणि हृदयाच्या दाराशी थांबल्या. पुन्हा मिठाचं पाणी सोडलं, तेव्हा चांदण्या हृदयात उमटल्या.

"पुढच्या वेळी मोजेन आणि बघेनही," मोजू म्हणाला.

"आजोबा, नळीच्या टोकालाच हाक मारायला शिकवलं तर?"

"ते तू शिकव. मी तोवर टिकायचं बघतो."

साखरेचं पाणी थेंब थेंब सुरू झालं. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला. ओवी धावत खाटेपाशी गेली.

"पोचली, आई. बाळाच्या हृदयाच्या दाराशी थांबलीय. मी पाहिली."

आईने सकाळपासून पहिल्यांदाच उशीवर डोकं टेकलं.