तिसऱ्या फळीवरचा रंगचोर

मोटारींची खोकी शहाण्णव, बाहुल्यांची एकावन्न, चित्रकोड्यांची अडतीस आणि कशातच न बसणारी एकोणतीस. एकूण खोकी दोनशे चौदा. खेळणी एकही नाही.

"पुन्हा मोजू का?" सावकाशने विचारलं.

"नको. तू मोजायला बसलास की सुट्टी संपेल," चिमटी म्हणाली.

सावकाश हा मामाचा मुलगा. त्याला दूध प्यायलाही अर्धा तास लागायचा, म्हणून हे नाव. चिमटी त्याच्याहून वर्षाने लहान. खोक्याची नाजूक झाकणं ती बोटांनी न उचलता चिमट्याने उचलायची. तिचा धाकटा भाऊ भोंगा याच्या नावाचं कारण मात्र गल्लीत कुणालाही सांगावं लागत नसे. बहीणभाऊ दर सुट्टीत मामाकडे येत आणि तिघं मिळून मामाचा संग्रह आवरत.

मामा खेळण्यांची रिकामी खोकी जमवायचा. आतली खेळणी तो ओळखीच्या पोरांना वाटून टाकी आणि खोकं जिवापाड जपे. "लोक शेंगा खातात आणि टरफलं टाकतात," मामी म्हणायची, "आमच्याकडे शेंगा वाटून टरफलं कुलपात ठेवतात."

मामाचं म्हणणं वेगळं होतं. खेळणं कसंही असो, खोक्यावरचं चित्र पाहूनच पोराचं काळीज धडधडतं. ते चित्र कुणीतरी जीव ओतून काढलेलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी ते केरात जातं. कुणीतरी ते ठेवायला नको का?

त्या खोलीचे नियम कडक होते. हात धुवायचे, कोरडे करायचे, मग सुती हातमोजे घालायचे. धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी उडते. रबर लावायचं नाही, चिकटपट्टी तर खोलीत आणायचीच नाही. प्रत्येक खोक्यात चुरगळलेला पातळ पांढरा कागद भरायचा, म्हणजे ते आत दबत नाही. खिडकी काळ्या कागदाने कायमची बंद. उजेडाला आणि दमटपणाला इथे मज्जाव होता. दोन वर्षांपूर्वी सात खोक्यांना बुरशी लागली, तेव्हापासून मामाने वरच्या झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला होता. तो दिवसरात्र घुरघुरत असे.

चिमटीने तिसऱ्या फळीवरून आगीच्या बंबाचं खोकं उचललं आणि ती थबकली.

"सावकाश, हा बंब आजारी दिसतोय."

बंब लालभडक असायला हवा होता. पण त्याच्या मधोमध एक फिकट पट्टा पडला होता. पट्ट्यातला लाल रंग जुन्या विटेसारखा झाला होता. गंमत म्हणजे निळं आकाश आणि काळी चाकं जशीच्या तशी होती.

"फक्त लालच गेलाय," सावकाश म्हणाला.

"लाल रंग चोरणारा चोर," भोंगा ओरडला. त्याचं कुजबुजणंही दोन घरं ऐकू जाई, त्यामुळे मामी दारात आली.

त्यांनी फळीवरची सगळी खोकी तपासली. अकरा खोक्यांवर पट्टे होते. कुणाच्या वरच्या कोपऱ्यात, कुणाच्या पोटावर, कुणाच्या पायाशी.

संध्याकाळी मामा दुकानातून आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि आपल्या नजरेतून मुंगीही सुटत नाही असं तो गिऱ्हाइकांना सांगत असे. अकरा खोकी टेबलावर पाहून तो खुर्चीत बसला. एकेक पट्टा त्याने जवळून पाहिला.

"उन्हात गेल्याशिवाय लाल असा उडत नाही," तो शेवटी म्हणाला. "चिमटे, गच्चीवर नेली होतीस?"

मागच्या सुट्टीत तिने फोटोसाठी एक बसचं खोकं गच्चीवर नेलं होतं आणि ते तिथेच राहून गेलं होतं. ते मामा विसरला नव्हता. तीही विसरली नव्हती.

"या वेळी नाही नेली, मामा. शपथ."

"मग या खोलीत ऊन आलं कुठून? खिडकी बंद. झरोक्याच्या भिंतीवर तर बारा महिने ऊन येत नाही."

मामा रागावला नाही, आणि तेच वाईट झालं. त्याने खोकी जागेवर ठेवली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "तुम्ही आता बाहेर खेळा," तो म्हणाला. "ही खोली नको."

चिमटी जेवली नाही. मामीने विचारलं तर म्हणाली, भूक नाही. सुट्टी म्हणजे ती खोली, हे तिचं ठरलेलं गणित होतं. आणि आता त्या खोलीत तिच्यावर भरवसा नव्हता.

सकाळी मामा दुकानात गेल्यावर भोंगा म्हणाला, "ताई, मामीकडे दुसरी किल्ली आहे. मी मागू?"

"मुळीच नाही. परवानगीशिवाय आत गेलो तर मामाचंच खरं होईल. बाहेरूनच शोधायचं."

टेबलावर मांडलेल्या खोक्यांचे फोटो मामीने आदल्या संध्याकाळी मोबाइलमध्ये काढून ठेवले होते. सावकाशने पाठकोऱ्या कागदाचे अकरा तुकडे कापले आणि प्रत्येकावर त्या त्या खोक्याचा पट्टा पेन्सिलने काढला. त्याला पाऊण तास लागला. भोंग्याने तेवढ्या वेळात दोनदा नाश्ता केला.

"आता हे फळीवरच्या क्रमाने लाव," चिमटी म्हणाली. कोणतं खोकं कुणाशेजारी राहतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. "ट्रॅक्टर, मग शर्यतीची मोटार... आणि बरोबर मधे बंब."

शेवटचा तुकडा लागला आणि तिघंही कागदांवर वाकली. वेगवेगळे वाटणारे अकरा पट्टे एकमेकांना जोडले गेले होते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरकी रेघ गेली होती.

"खोकी गच्चीवर गेली असती, तर असं जुळलं नसतं," चिमटी हळूच म्हणाली. "ती फळीवरच होती. ऊनच त्यांच्याकडे आलं."

"आणि तिरकं सरकत गेलं," सावकाश म्हणाला. "सूर्य सरकतो तसं."

"पण सूर्य तर घराच्या पलीकडे असतो," भोंगा म्हणाला.

तिघं गल्लीत जाऊन झरोक्याखाली उभी राहिली. भिंत सावलीत होती, हाताला गार लागत होती. दुपारपर्यंत काहीच घडलं नाही. तीन वाजून गेल्यावर मात्र भिंतीवर एक चकचकीत चौकोन उमटला आणि गोगलगाईसारखा झरोक्याकडे सरकू लागला.

चिमटीने मागे वळून पाहिलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. समोर पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्यांचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्टीलचा भलामोठा पत्रा टांगला होता, आरशासारखा घासलेला.

"हा नवीन आहे का हो, काका?" तिने विचारलं.

"दोन महिने झाले," टाकीवाले काका अभिमानाने म्हणाले. "आमची झिलई लांबूनच दिसावी म्हणून लावलाय. बाया खालून केस नीट करून जातात."

"काका, त्याचं ऊन आमच्या झरोक्यात जातंय. दोन मिनिटं त्यावर पोतं टाकाल का? फक्त बघायचंय."

"ऊन काय मी बनवतो? मला कामं आहेत. पळा."

चिमटी निराश होऊन वळली. भोंगा मात्र तिथेच उभा राहिला, पत्र्याकडे टक लावून, कपाळाला आठ्या घालून. त्याने मान डावीकडे केली, मग उजवीकडे.

"काय बघतोस रे?" काकांनी विचारलं.

"काही नाही. तो मधला डाग आहे की सावली आहे, ते कळत नाहीये."

"डाग? माझ्या पत्र्यावर?"

"असेल सावली," भोंगा उदारपणे म्हणाला. "लोकांना काय कळतंय एवढ्या लांबून."

काकांनी शिडी लावली, फडकं खांद्यावर टाकलं आणि ते वर चढले. पत्र्यासमोर त्यांचं शरीर आलं आणि समोरच्या भिंतीवरच्या चौकोनात एक जाडजूड माणूस उगवला. तो जोरजोरात हात फिरवत होता. झरोका त्याच्या पोटाखाली पार काळा पडला.

"काका, जरा डावीकडे घासा," सावकाश म्हणाला. काका डावीकडे झुकले. झरोका उजळला. "आता उजवीकडे." झरोका विझला.

"झालं का स्वच्छ?" काकांनी वरून विचारलं.

"एकदम," चिमटी म्हणाली.

आता मामाला दाखवायला हवं होतं. पण तो संध्याकाळशिवाय घरी येत नसे आणि तोवर चोर निघून गेलेला असे. म्हणून दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला भोंग्याने दुकानात फोन लावला.

"मामा, लवकर ये. खोलीत कुणीतरी आहे."

"कोण आहे? कुलूप आहे ना?"

"कुलूप आहे. तो झरोक्यातून शिरतो."

मामा धावत आला. घाईत डोळे तपासायची भिंगांची गोल चौकट त्याच्याच नाकावर राहिली होती. मामीने तोंडाला पदर लावला. मामाने कुलूप काढलं, दार ढकललं आणि सवयीने बटणाकडे हात नेला.

"दिवा लावू नकोस, मामा," चिमटी म्हणाली. "तू नेहमी सकाळी नाहीतर संध्याकाळी येतोस. आल्याबरोबर दिवा लावतोस. ही खोली दुपारी अंधारात कशी दिसते, ते तू कधी पाहिलंच नाहीस."

मामाचा हात थांबला.

अंधारात पंख्याच्या पात्यांमधून एक लखलखीत तिरीप आत येत होती. पाती फिरत होती तशी ती थरथरत होती आणि बरोबर तिसऱ्या फळीवर, आगीच्या बंबाच्या पोटावर पडली होती.

सावकाशने अकरा तुकडे जमिनीवर क्रमाने मांडले. मामाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फळीकडे. मग नाकावरची चौकट काढली.

"बुरशीतून वाचवायला मी भिंतीला भोक पाडलं," तो म्हणाला, "आणि चोराला वाट करून दिली."

"मुंगी सुटत नाही म्हणे," मामी म्हणाली. "सूर्य सुटला."

मामा चिमटीसमोर उकिडवा बसला. "मी तुझं ऐकायला हवं होतं. तू खरं सांगितलंस आणि मी खिशात किल्ली टाकली. चुकलंच माझं."

चिमटीने फळीकडे बोट केलं आणि ती म्हणाली, "आधी बंब उचल तिथून."

खोकी उचलून झाल्यावर मामाने दुकानातून उजेड मोजायचा डबा मागवून बंबाच्या जागी ठेवला आणि सावकाशने आकडा लिहून घेतला. मग प्रश्न उरला. पंखा बंद केला तर बुरशी, चालू ठेवला तर ऊन. टाकीवाल्या काकांना बोलावलं. आपल्या पत्र्याचा पराक्रम पाहून ते ओशाळले. पत्रा काढायला तयार झाले, पण मान खाजवत म्हणाले, "उद्या शेजारच्याने काचा बसवल्या तर?"

चिमटी पंख्याकडे पाहत होती. "मामा, हवा वळणावर वळते ना?"

"वळते की."

"आणि ऊन सरळच जातं."

मामा हळूहळू हसू लागला. काकांनी मांडी थोपटली. "पोरीचं डोकं आहे की कारखाना? टाकीच्या नळीला वळवायला आम्ही असंच वाकडं ढोपर करतो."

संध्याकाळभर काम चाललं. किराणा दुकानातून आणलेल्या दोन साध्या खोक्यांची दोन ढोपरांची नळी तयार झाली. तिला आतून काळा कागद लावला. चिकटपट्टीचं काम खोलीबाहेर, व्हरांड्यात झालं. त्यावर मामाने जातीने लक्ष ठेवलं. काकांनी शिडीवर चढून नळी पंख्याच्या आतल्या तोंडावर बसवली. भोंग्याने नळीच्या टोकाशी पातळ कागदाची पट्टी धरली. ती आत ओढली गेली, म्हणजे हवा वाहत होती.

"हे टरफल मात्र कामाचं निघालं," मामी म्हणाली. मामाने किल्ली खिशातून काढली आणि चिमटीच्या तळहातावर ठेवली. "सुट्टी संपेपर्यंत ही तुझ्याकडे. मला आत यायचं असलं, तर हात धुऊन येईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा पत्रा मुद्दाम जागेवरच ठेवला होता. भिंतीवर चौकोन उमटला, सरकला, झरोक्यावर आला. खोलीत दिवा बंद, पंखा चालू. चिमटीने उजेड मोजायचा तोच डबा तिसऱ्या फळीवर बंबाच्या जागी ठेवला. सावकाशने आकडा वाचला, मग पुन्हा वाचला.

नळी बसवण्याआधी त्याच जागी: एक हजार आठशे चाळीस. आता: शून्य.