हालवार्डचं खातं

नॉर्वेतल्या ओलेसुंड बंदराच्या धक्क्यावर मासळीचं एक शीतगृह होतं. तिथल्या कॉम्प्युटरचं सगळं गुन्वोर बघायची. ईमेलचा पासवर्ड तीन महिन्यांनी बाद व्हायचा. आधी पंधरवडाभर सूचना जायच्या. तरी बदलला नाही, तर खातं बंद. मग मंडळी कुरकुरत तिच्या टेबलाशी यायची.

यंत्रखोली सांभाळणारा हालवार्ड हिवाळ्याच्या तोंडावर अचानक गेला. सुट्या भागांचे मेल अजून त्याच्याच नावाने यायचे, म्हणून गुन्वोरने खातं लगेच काढलं नाही. मुदत संपली की आपोआप बंद पडेल, असं तिने धरलं होतं.

मुदतीच्या दिवशी दुपारी तिने नोंदी चाळल्या. हालवार्डचा पासवर्ड बदललेला होता. नुकताच.

"मेल्यावरही नियम पाळतोय बघ," शेजारच्या टेबलावरची बेरिट म्हणाली. "तूच बदलला असशील, आणि विसरली असशील."

"मी इथून नवा दिला तर नोंद वेगळी पडते. हा असा बदलायचा तर जुना पासवर्ड ठाऊक लागतो."

"मग सांगितला असेल त्याने कुणाला तरी."

"हालवार्डने? बायकोला तरी सांगितला असता का त्याने?"

बेरिट हसली नाही. बदल यंत्रखोलीतल्या कॉम्प्युटरवरून झाला होता. गुन्वोर कॉफी तशीच टाकून खाली गेली.

दाराशीच नाक झोंबलं. डोळ्यांना धारा लागल्या. अमोनिया, गारव्याच्या यंत्रांतला वायू. गळती झाली की वाजणारी घंटा दुरुस्तीसाठी काढून नेलेली होती. दाराच्या काचेतून तिला जमिनीवर दोन बूट दिसले.

तिने धोक्याचं बटण दाबलं, गळपट्टा नाकावर आवळला, श्वास कोंडून आत शिरली. वायरमन ओड आयनार उंबऱ्यालगतच पडला होता. तिने काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं.

ओढता ओढता कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिसला. त्याची वायर काढून, नीट गुंडाळून वर ठेवलेली होती.

ओड आयनार वाचला. इस्पितळात त्याच्या बायकोने, तुरुनने, गुन्वोरचे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत.

"जरा उशीर झाला असता तर गेलाच होता, म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

ओड आयनारचा आवाज बसला होता. "मी पडलो, तेव्हा तिथे कोण होतं?"

"कुणी नव्हतं. का?"

"कुणीतरी टाइप करत होतं. सावकाश. एकेक अक्षर शोधत."

कामावर परतल्यावर गुन्वोरने हालवार्डच्या खात्याची मुदतच काढून टाकली. साहेबांनी विचारलं, तर सुट्या भागांचं कारण सांगितलं. मग त्याच्या पत्त्यावर दोन ओळी धाडल्या: 'ओड आयनार घरी आला. आभारी आहे, हालवार्ड.' लिहिताना तिचे डोळे भरून आले.

सकाळी तिने त्याचं खातं उघडलं.

तिचा मेल वाचलेला होता.

खाली अर्धवट उत्तर होतं, न पाठवलेलं: 'गुन्वोर, सोमवारी'.

तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त, कुणीतरी आपली काळजी घेतंय असं वाटत होतं.

जेवणानंतर तिने पुन्हा पाहिलं.

एक शब्द वाढला होता.

'गुन्वोर, सोमवारी एकटी'.