पुलाचं कार्ड

शेकोटीत अजून दोन लाकडं सरकवा, आणि तो मोबाईल खिशात ठेव रे आदेश. मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. प्रफुल माजरीच्या कोळशाच्या खाणीत माझ्या हाताखाली होता. खोटं रचायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे नाही, हे मी खात्रीनं सांगतो. भुताखेताचं म्हणाल तर तो आमच्यासारखाच बौद्ध घरातला. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की पोट धरून हसायचा. आता हसत नाही.

परवाच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. प्रफुलची बहीण नंदिनी मूलला शाळेत मास्तरीण आहे. रविवारी सकाळी तिच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि तिला घरची कार्डं हवी होती. तेवढं पोचवायचं, बाकी काही काम नव्हतं.

ही कार्डं म्हणजे घरचा मोठा अभिमान. प्रफुलचा आजा लहानू दुसऱ्या महायुद्धात फौजेचा ट्रक चालवायचा. परत आला तो बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन. आत तपकिरी चित्रांची पोस्टकार्डं, मागची बाजू कोरी. कैरोची मशीद, नेपल्सचा किल्ला, रोमची ती गोल पडकी इमारत, आणि सगळ्यांत खाली फ्लोरेन्सचा पूल, ज्याच्यावर चक्क दुकानं आहेत. पाहुणा आला की चहाच्या आधी डबा बाहेर यायचा.

पण घरातल्यांना ठाऊक होतं, कार्डं आज्याची नव्हतीच. ती सुकलूची. सुकलू केळझरकडच्या जंगलातल्या गावचा गोंडाचा पोरगा, आज्याचा जिवाभावाचा दोस्त. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून जाईल त्या शहरात एक कार्ड विकत घ्यायचा. म्हणायचा, "मायले दाखवीन. म्हणीन, इथी उभा होतो मी." फ्लोरेन्सचा पूल मागे पडला आणि पुढच्याच लढाईत सुकलू गेला.

लढाई संपल्यावर आजा डबा घेऊन त्याच्या गावाला निघाला. गावाच्या अलीकडच्या वळणावर कुणीतरी सांगितलं, म्हातारी रोज रस्त्याच्या कडेला बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पोराचं विचारते. झालं, आजा तिथंच थांबला. तिच्या तोंडावर ते सांगायचं कसं? तो माघारी फिरला, पुन्हा त्या वाटेला गेला नाही. म्हातारी वाट पाहता पाहताच मेली. आजा बिचारा मरेपर्यंत ते मनाला लावून बसला होता.

तर त्या शनिवारी प्रफुलची बायको ज्योत्स्ना रात्रपाळीला. ती नर्स आहे. म्हणून सहा वर्षांची दिव्याही बापासोबत मोटरसायकलवर. त्यानं तिला मागे बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं, डबा तिच्या मांडीवर दिला. ड्यूटीवरून सुटायलाच उशीर झाला होता. चंद्रपूरला चहा घेतला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता.

मूलचा रस्ता तुम्ही पाहिलाय. दोन्हीकडे जंगल. वाघाच्या भीतीनं तिथं कुणी गाडी थांबवत नाही. पण केळझरच्या अलीकडे दिव्या म्हणाली, "बाबा, लय थंडी वाजून राह्यली."

पोरीला थंडी वाजते म्हटल्यावर बाप थांबणारच. पिशवीतून स्वेटर काढायचं होतं. कडेला गुडघाभर उंचीचा एक दगड उभा होता. प्रफुलनं डबा त्याच्यावर ठेवला, पोरीला स्वेटर घातलं, ओढणी पुन्हा बांधली आणि डबा उचलून तिच्या हातात दिला. बोटांना काहीतरी पिवळं लागलं. हळद होती. त्यानं ती पँटला पुसली.

त्या बाजूला गोंड लोक मेलेल्या माणसाच्या नावानं शिवेवर दगड उभा करतात. त्याला हळद लावतात. त्याच्यावर जे ठेवलं ते त्या माणसाचं झालं. ते परत उचलायचं नसतं, हे तिथलं लहान लेकरूही जाणतं. कोळशाच्या कॉलनीत वाढलेल्या प्रफुलला कोण सांगणार?

गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर मागून डब्याचं झाकण वाजलं. दिव्या बोलत होती.

"हे कैरो हाये. हे मशीद. लय मोठी हाये."

पाहुण्यांपुढं ऐकून ऐकून तिला सगळी कार्डं पाठ होती; खेळतेय, असं त्याला वाटलं.

"हे नेपल्स. समुद्र हाये इथी... नाई दिसत? मी सांगते ना."

"कोणाशी बोलून राह्यली बेटा?"

"आजीशी."

"कोणती आजी?"

"हे काय, माह्या मागं बसली ना."

प्रफुलनं आरसा पाहिला. आरशात काळोख. फक्त काळोख.

पण गाडी जड झाली होती. सपाट रस्ता, तरी ओढेना. मागचं चाक बसल्यासारखं लागत होतं. मनातल्या मनात त्यानं बुद्धं सरणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला शब्द सुचेना. जे रोज सकाळी पाठ म्हणायचा तेच.

"हे रोम. हे पडलं हाये, पण पाहाले येतात लोक."

मग दिव्या म्हणाली,

"बाबा, आजी म्हणते ओढणी सोड. घरी चाल म्हणते. चुलीच्या उजेडात नीट पाहू."

प्रफुलनं डावा हात मागं नेला. दिव्याची बोटं सापडली. इवलीशी, गरम.

त्या बोटांवर... आणखी बोटं होती.

कोरडी. गार.

हसू नका रे. मलाही सांगताना नको होतंय.

त्याच्या पोटावरची गाठ सैल होत होती. हळूहळू. त्यानं ती मुठीत धरली. गाडी एका हातावर. इंजिननं दोन आचके दिले... आणि बंद पडली. दिवाही गेला.

काही दिसत नव्हतं. कुठं पानही हललं नाही.

"बाबा, आजी विचारून राह्यली. रोमच्या पुढं कुठी गेला?"

डब्यात पोरीचा हात खडखडला. शेवटचं कार्ड. पुलाचं.

"नको!" प्रफुल ओरडला. "ते नको दाखवू!"

"पुढं कुठी गेला?"

या वेळी आवाज दिव्याचा नव्हता.

प्रफुलला आजा आठवला. वळणावरून परतलेला. माझ्याकडून झालं नाही म्हणून रडणारा. गाठ मुठीतून निसटत होती. पोरगी जात होती त्याची. शेवटी तो बोलला.

"माय... सुकलू नाई येत आता. पुलाच्या पुढं... तिथीच गेला तो. आमच्या आज्यानं तुले सांगाले पाह्यजे होतं. त्याची हिंमत नाई झाली." त्याला रडू फुटलं. "कार्डं तुह्याच पोराची हायेत, माय. पण हे पोरगी माही हाये. इले नको नेऊ."

किती वेळ गेला कोण जाणे. मग गाडीचं मागचं टोक हलकेच वर आलं. कुणी उतरलं की येतं तसं.

"आजी उतरली, बाबा," दिव्या म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "पण पुलाचं कार्ड राह्यलं ना दाखवाचं."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मूलपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

नंदिनीनं विचारलं, "तोंड असं काऊन झालं रे भाऊ?" तो म्हणाला, थंडी. पोरीला जेवू घातलं. मग कुणाला न सांगता पुलाचं कार्ड डब्यातून काढून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातलं, बटण लावलं. ते पाहायला यायचंच असेल तर माझ्याकडे ये, माझ्या पोरीकडे नको, असं मनात म्हणाला. दाराला आतून कडी. दिव्याचं मनगट हातात धरून तो भिंतीला टेकून बसला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे तो शपथेवर सांगतो. कुणी आलं नाही. काही वाजलं नाही.

सकाळी नंदिनीनं डबा उघडला आणि विचारलं, "पुलाचं कुठी हाये?"

त्यानं बटण काढलं. सदरा पांढरा होता, खिशावर डागसुद्धा नव्हता. त्यानं कार्ड काढून बहिणीच्या हातात दिलं.

चित्रावर, बरोबर पुलावर, एक हात उमटला होता. म्हाताऱ्या बाईचा असतो तसा लहान. पाची बोटं. पोराच्या तोंडावरून फिरवावा तसा, खाली ओढलेला.

नंदिनीनं बोट लावून पाहिलं. हळद ओली होती.